चित्र शेवटी बघा: शंभर वर्षांपूर्वीच्या खाद्य-औषधांच्या जाहिराती शोधायच्या आणि वाचायच्या कशा

गिरगावातली आमची चाळीतली खोली रिकामी करताना आजीच्या फडताळाच्या तळाच्या खणात अंथरलेला कागद हाती आला. वर्षानुवर्षं त्यावर हिंगाची डबी आणि सांडग्यांची बरणी बसलेली. कागद चहाच्या रंगाचा, कडा पापडासारख्या मोडणाऱ्या. वरच्या कोपऱ्यात ‘मंगळवार ता. ४ नोव्हेंबर’ एवढं शाबूत, पुढचं साल फाटून गेलेलं. मधोमध अर्धी जाहिरात: एक गुटगुटीत बाळ, त्याखाली ‘मुलांची रोड प्रकृति’ एवढे शब्द आणि पुढे घडीवर झिजलेला मजकूर.

बाळाचं चित्र गोड होतं. पहिल्यांदा मी तेवढंच पाहिलं. पुढची काही वर्षं अशा जाहिराती शोधण्यात गेली तेव्हा कळलं, की चित्र सगळ्यात कमी बोलतं. किंमत, टपालखर्च, पत्ता, एजंटांची नावं, ‘नकली मालापासून सावध’ हा इशारा, म्हणजे आपण ज्यावरून नजर घसरवतो तो बारीक टाइप, खरा मजकूर तिथे असतो. घर कुणाचं, खिसा केवढा, भीती कसली, हे तिथून कळतं. घरात असा कागद सापडला असेल किंवा ग्रंथालयात बसून शोध घ्यायचा असेल, तर काय क्रमानं करायचं ते इथे सांगते.

आधी कागद वाचवा

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल धरतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्याला उघडताना घडी उलट्या बाजूनं वळवू नका. खाली जाड पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उचला. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. माझ्याकडचं एक मासिकाचं पान मी हौसेनं लॅमिनेट करून आणलं होतं. दुकानातल्या यंत्राच्या उष्णतेनं शाई प्लॅस्टिकला चिकटली, पान तपकिरी झालं आणि आता ते सोडवता येत नाही. त्या पानावरच्या मसाल्याच्या जाहिरातीची किंमत मला कायमची गेली. पान आम्लरहित कागदाच्या दोन तावांमध्ये ठेवा, आडवं ठेवा, कपाटात डांबरगोळ्या त्याला लागून ठेवू नका.

मग फोटो. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असं. आधी पूर्ण पान, मग पानाचा मथळा आणि तारीख, मग जाहिरात, आणि शेवटी मागची बाजू. मागची बाजू लोक हमखास विसरतात. जाहिरातीला तारीख नसते, पण तिच्या पाठीवरच्या बातमीला असते. फोटोत शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे जाहिरात किती इंचांची होती ते नंतरही मोजता येतं. तेव्हा जागा कॉलम आणि इंचांवर विकली जायची, त्यामुळे आकार म्हणजे खर्च.

कुठे शोधायचं

मुंबईत यासाठी फार लांब जावं लागत नाही. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली सुरू झालेलं. तिथल्या संदर्भ विभागात जुन्या मराठी नियतकालिकांच्या फायली आहेत. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे आणि तिच्या डिजिटल संग्रहाचं नाव ‘ग्रंथ संजीवनी’. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह. तिथे जाहिरातींपेक्षा वेगळी गोष्ट मिळते: ब्रिटिश सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवण्यासाठी जे साप्ताहिक गोषवारे काढायचं, त्यांत पत्राचं नाव, गाव, संपादक आणि खपाचा आकडा दिलेला असतो. सरकारनं पाळत ठेवण्यासाठी केलेली ही नोंद आपल्याला सांगते, की अमुक जाहिरात साधारण किती प्रतींतून गेली.

काय मागायचं हे ठरवून जा. नुसतं ‘जुन्या जाहिराती दाखवा’ म्हटलंत तर ग्रंथपाल तरी काय देणार? पत्राचं नाव आणि साल सांगा. मुंबईतलंच हवं असेल तर १८६२चं ‘इंदुप्रकाश’, अच्युत बळवंत कोल्हटकरांचं १९१५चं ‘संदेश’, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं १९२३चं ‘नवाकाळ’. ‘केसरी’ पुण्याचा, पण त्यात गिरगाव आणि काळबादेवीच्या पत्त्यांच्या जाहिराती पाहायला मिळतात, कारण तो गावोगाव जायचा आणि मुंबईच्या औषधवाल्याला हवं होतं ते गावोगावचं गिऱ्हाईक. मासिकांमध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांचं ‘मनोरंजन’ घ्या, १८९५ पासूनचं. त्याचा १९०९चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानतात. मासिक घरात महिनाभर फिरायचं, बायकांच्या हातात पडायचं, म्हणून घरगुती वस्तूंच्या जाहिरातींसाठी ते दैनिकापेक्षा चांगलं.

मासिकांच्या बाबतीत एक अडचण आधीच माहीत असू द्या. ग्रंथालयांनी वर्षाचे बारा अंक एकत्र बांधले तेव्हा बाइंडरनं मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची सुरुवातीची पानं बऱ्याचदा काढून टाकली. मजकूर जपायचा, जाहिरात फेकायची, अशी ती समजूत होती. म्हणून बांधीव खंडात जाहिरात दिसली नाही तर ‘या मासिकात जाहिराती नव्हत्या’ असं लिहून मोकळे होऊ नका. सुटे अंक आहेत का ते विचारा. रद्दीवाल्यांकडचे, लोकांच्या माळ्यावरचे सुटे अंक या कामात बांधीव संचापेक्षा मोलाचे ठरतात.

डिजिटल शोध घेताना जुनं शुद्धलेखन वापरा. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधी ‘औषधें’, ‘मुलांकरितां’, ‘मुंबईंत’, ‘गिरगांव’ असंच छापायचे. ‘औषध’ शोधून हाती काही लागलं नाही, तर ‘औषधें’, ‘औषधि’, ‘ओषध’ असं सगळं घालून बघा. छपाईच्या जुन्या खिळ्यांची अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, जोडाक्षरं तर नाहीतच. त्यामुळे शेवटी डोळ्यांनी पानं उलटण्याला पर्याय नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं. शोधलेली जाहिरात एकटी समोर येते. उलटलेल्या पानावर ती शेजाऱ्यांसह भेटते.

तारीख लावणं

हे काम रंजक आहे, म्हणून इथे माझाच कागद घेऊन दाखवते. ‘मंगळवार ता. ४ नोव्हेंबर’ एवढंच हाती. कोणकोणत्या वर्षी ४ नोव्हेंबरला मंगळवार होता? १९१८च्या ११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवशी, सोमवार होता. म्हणजे त्या वर्षी ४ तारखेलाही सोमवार, आणि पुढच्या वर्षी एक वार पुढे. तिथून मागेपुढे मोजत गेलं की यादी तयार होते: १९०२, १९१३, १९१९, १९२४, १९३०. शतकाच्या पहिल्या तीन दशकांतली ही पाच वर्षं.

आता छाटणी. पाठीमागच्या बाजूला दुसऱ्या एका औषधाची ओळ होती, ‘इन्फ्ल्युएन्झाच्या सांथीनंतर आलेली अशक्तता’. मुंबईत ती साथ १९१८च्या जूनमध्ये आली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिनं कहर केला. त्यामुळे १९०२ आणि १९१३ बाद. उरले तीन. साथीचा उल्लेख ताजा, म्हणून १९१९कडे माझा कल झाला. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. तो ग्रंथालयातली फाइल उघडल्यावरच मिळतो, त्याकडे शेवटी येते.

तारखेचा तुकडाही नसेल तर आणखी खुणा आहेत. शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. पण शके वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून पौष-माघातल्या अंकाला ७९ मिळवावे लागतात. संवत असेल तर ५६ वजा करा, कार्तिकातल्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७. पत्ता बघा: ‘मुंबई नं. ४’ म्हणजे गिरगाव, ‘नं. २’ म्हणजे काळबादेवी, ‘नं. १४’ म्हणजे दादर. हेच आकडे पुढे १९७२मध्ये पिनकोडच्या शेपटाला आले: ४००००४, ४००००२, ४०००१४. आज पाकिटावर लिहितो तो आकडा आजोबांच्या वेळचाच आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो, कारण १८६७च्या कायद्यानं तो छापणं बंधनकारक होतं. छापखाना बदलला की कालखंड अरुंद होतो.

साथी आणि चळवळीही तारखा सांगतात. मांडवीत १८९६मध्ये प्लेग उघडकीला आला आणि पुढची कित्येक वर्षं प्लेगावरच्या गोळ्या, धूप, मलमं जाहिरातींत दिसत राहतात. ‘स्वदेशी’ हा शब्द मोठ्या टाइपात आला तर १९०५नंतरचा काळ आधी तपासा. परळला परदेशी कापडाची होळी झाली ती ३१ जुलै १९२१ला. त्या सुमारास तो शब्द पुन्हा ठळक होतो.

पैसे आणि मापं

एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. १९५७च्या १ एप्रिलला दशमान पद्धत आली, तोवर हाच हिशेब. जाहिरातीत ‘रु. १-४-०’ असं दिसेल, म्हणजे सव्वा रुपया. उभ्या रेघांनीही किंमत लिहायचे: एक रेघ चार आणे, दोन आठ, तीन बारा. ‘१॥’ म्हणजे दीड रुपया. हा दंड नव्हे. मी सुरुवातीला तो विरामचिन्ह समजून निम्म्या किमती चुकीच्या उतरवल्या होत्या.

त्यापुढे ‘ट. ह. निराळें’ असतं, म्हणजे टपाल हंशील (टपालखर्च) वेगळं. ‘व्ही. पी.नें पाठवूं’ असेल तर माल पोस्टमनच्या हाती, पैसे दारात. ही सोय टपालखात्यानं १८७७मध्ये सुरू केली, आणि माझ्या मते या सगळ्या धंद्याचा खरा आधारस्तंभ तीच आहे. सावंतवाडीच्या किंवा नगरच्या माणसाला गिरगावातल्या अनोळखी दुकानदारावर विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही. जाहिरात आणि व्ही. पी. ही जोडी लक्षात ठेवलीत, की इतकी औषधं मुंबईच्या दोन-तीन रस्त्यांवरूनच का निघत होती ते उलगडतं.

किंमत नुसती उतरवून भागत नाही, ती कमाईशेजारी ठेवायची. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनं १९२१-२२मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, त्यात कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपयांच्या आसपास आली. आता समजा बाळाच्या औषधाची बाटली बारा आण्यांची आणि वर टपालाचे चार आणे. म्हणजे रुपया. लालबागच्या एखाद्या घरानं महिन्याला दोन बाटल्या घेतल्या, तर मिळकतीतल्या दर सव्वीस रुपयांतला एक रुपया बाटलीत गेला. ते परवडणारं घर कुठलं, हे इथे कळायला लागतं.

मापांत मुंबईचा एक फसवा खड्डा आहे. रेल्वेचा मण चाळीस शेरांचा, साधारण ३७ किलोंचा. मुंबईचा स्थानिक मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आत. त्याचेही शेर चाळीसच. तूप, तांदूळ, मसाल्याचा भाव ‘शेराला’ दिलेला असेल तर कुठला शेर ते आधी ठरवा. नाहीतर मुंबई पुण्याच्या तिप्पट स्वस्त वाटेल.

दावा तपासणं

इथे थांबून वाचावं लागतं. मी एक नमुना रचला आहे, अशा शेकडो जाहिरातींच्या वळणाचा, कुठल्याही खऱ्या कंपनीचा नव्हे:

‘बालकांकरितां अमूल्य औषध. खोकला, हगवण, दांत येतांना होणारे विकार, रोड प्रकृति यांवर रामबाण. हजारों सर्टिफिकिटें. किं. १२ आणे, ट. ह. ४ आणे. नक्कल करणारांपासून सावध रहा. गांवोगांव एजंट पाहिजेत. गिरगांव, मुंबई.’

पेन्सिल घ्या आणि चार गोष्टींखाली रेघ मारा. पहिली, रोगांची यादी. खोकला, हगवण आणि दात यांवर एकच औषध चालत नाही, पण एकच भीती चालते. दुसरी, घटक. नाहीतच. १९४०चा औषध कायदा येईपर्यंत बाटलीत काय आहे ते छापण्याची सक्ती नव्हती, आणि अमुक रोग बरा करतो असं छापायला खरा आळा बसला १९५४च्या कायद्यानं. तिसरी, ‘नक्कल करणारांपासून सावध’. ब्रिटिश हिंदुस्थानात ट्रेडमार्कचा कायदा १९४०मध्ये झाला. त्याआधी व्यापारचिन्हांचं नोंदणीपुस्तकच नव्हतं. आपल्या नावाचा हक्क सांगायला वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणं हा एक मार्ग. त्यामुळे ती ओळ भीती घालायला आहे तशी ती मालकाची सनदही आहे. चौथी, ‘एजंट पाहिजेत’. म्हणजे कंपनी अजून पसरते आहे. नंतरच्या जाहिरातीत एजंटांची गावं छापलेली दिसली की ती कुठवर पोचली याचा नकाशाच हाती येतो.

बाटलीत काय असायचं? विलायतेतल्या औषधांचं उत्तर ठाऊक आहे, कारण ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९मध्ये अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून छापलं. बीचमच्या गोळ्यांत निघाला काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा पेनींना, आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. हिशेब केला तर एकशेआठपट. कॉलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनमध्ये अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. वुडवर्डच्या ग्राइप वॉटरमध्ये बाळंतशोपा, सोडा आणि त्याबरोबर मद्यार्क.

आणि या सगळ्याखाली जे घर होतं ते विसरू नका. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जिवंत जन्मांमागे ६६७ बाळं वर्षाच्या आत दगावली. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इथे, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. फुगवटा काढूनही तो अंगावर काटा आणतो. गिरण्यांतल्या बायका कामाच्या पाळीला जाताना बाळ झोपून राहावं म्हणून अफूची बाळगोळी देत, हे गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२च्या सुमारास नोंदवून ठेवलं आहे. ‘मुलांची रोड प्रकृति’ हे शब्द अशा शहरात छापले जात होते.

आजी बाळगुटी कशी द्यायची ते मला आठवतं. सहाण धुऊन घ्यायची, त्यावर आईच्या दुधाचे थेंब, मग मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा, सुंठ एकेक करून उगाळायचं. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. वेखंडाचा एकच, बदामाचे जास्त. बाळाचं पोट बिघडलं की हिरड्याचा एक वळसा वाढायचा. हे ज्ञान हातात होतं, कागदावर नव्हतं. कोकणातून सोळाव्या वर्षी एकटी मुंबईत आलेल्या, सासू गावी राहिलेल्या मुलीला वळसे कोण शिकवणार? गिरगावातल्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत आणि तसली इतर औषधं त्या मुलीच्या हातात गेली. तिला भोळी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. बाटली विकणाऱ्यानं तिची अडचण बरोबर ओळखली होती. काहींनी तिचा फायदा घेतला, काहींनी खरोखर सोय केली, आणि कोण कुठला हे जाहिरातीवरून ओळखता येत नाही.

औषधवाले कोण होते

नावं शोधताना मुंबई किती सरमिसळीची होती ते दिसतं. अमृतांजन १८९३मध्ये मुंबईत सुरू केलं ते काशीनाधुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी. याच माणसानं १९०८मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक काढलं. बामची कमाई पत्राला उभं करायला आली. झंडू फार्मास्युटिकल वर्क्स १९१०चं, जामनगरच्या झंडू भट्टजींच्या नावानं त्यांच्या नातवानं मुंबईत काढलेलं. पनवेलचं धूतपापेश्वर त्याहून जुनं, १८७२चं, कृष्णशास्त्री पुराणिकांचं.

जाहिरात लिहून, जागा घेऊन देणारा वेगळा धंदाही गिरगावातच उभा राहिला: १९०५ची बी. दत्ताराम आणि कंपनी देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. मोठ्या परदेशी संस्था नंतरच्या. जे. वॉल्टर थॉम्प्सन १९२९मध्ये मुंबईत आली, लिंटास १९३९मध्ये. या तारखा मनात असल्या की भाषेतला फरक जाणवतो. आधीची जाहिरात वैद्य किंवा दुकानदार स्वतः बोलतो तशी, ‘आमचेकडे’, ‘खात्रीनें’. नंतरच्या जाहिरातीत गोष्ट असते, संवाद असतो, थकलेला नवरा आणि काळजी करणारी बायको असते. हॉर्लिक्सनं तर १९३०च्या दशकात ‘रात्रीची उपासमार’ नावाचा विकारच लोकांना शिकवला, आणि उपाय अर्थात हॉर्लिक्स.

खाद्यपदार्थ

खाण्याच्या जाहिराती वाचताना एका शब्दावर बोट ठेवा: शुद्ध. तो स्वच्छतेविषयी बोलतो आहे, भेसळीविषयी, की हाताच्या जातीविषयी? ‘ब्राह्मणाकडून तयार केलेलें’ हे शब्द आले तर उत्तर उघड आहे. दिल्लीच्या हिंदू बिस्किट कंपनीनं आपली बिस्किटं उच्चवर्णीय हातांनी बनतात हेच विकण्याचं भांडवल केलं. ही वाक्यं उतरवताना सौम्य करू नका, जशीच्या तशी घ्या.

घरात बनणारी वस्तू विकत कशी घ्यायला लावायची, हा या जाहिरातींपुढचा अवघड प्रश्न होता. बेडेकरांचं दुकान गिरगावात १९१०मध्ये सुरू झालं. मसाला आणि लोणचं बाहेरून आणणं हे तेव्हाच्या गृहिणीला सहज पटणारं नव्हतं. पोलसनची कॉफी १८८८पासूनची. चहाचा प्रसार तर कायद्याच्या जोरावर झाला: १९०३मध्ये चहावर उपकर बसला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला गेला. वनस्पती तूप हा शेवटचा मोठा अध्याय. शिवडीला कारखाना १९३२चा, डालडा हे नाव १९३७चं. ‘तूप’ हा शब्द त्याच्या जाहिरातींत कधी येतो, कधी टाळला जातो, हे तारखेवार मांडलंत तर एक स्वतंत्र लेख होईल.

आता चित्र

सगळा टाइप वाचून झाला की चित्राकडे वळा. पहिला प्रश्न: ठोकळा, म्हणजे चित्र छापायचा साचा, कुठला? परदेशी कंपन्या तयार ठोकळे पाठवायच्या आणि इथे फक्त मजकूर मराठीत जुळवायचे. बाळाच्या डोक्यावर लेस लावलेली टोपी, खाली ‘प्रकृति’ आणि ‘हंशील’. असं दिसलं तर चित्र आणि शब्द वेगवेगळ्या गावांतून आले आहेत. तोच ठोकळा दुसऱ्या औषधालाही वापरलेला सापडतो, म्हणून चित्रावरून कंपनी ओळखू नका. कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का, ते भिंगानं बघा. ठोकळ्याची कड तुटलेली असेल तर ती खूण टिपा. पुढच्या अंकात तीच तूट अधिक मोठी दिसली, तर दोन बिनतारखेच्या कागदांतला आधीचा कुठला ते सांगता येतं.

नोंदवही

एका जाहिरातीवर लेख लिहू नका. तीच जाहिरात वर्षभर मागोवा घेत बघा. वहीत पत्र, तारीख, पान, आकार, किंमत, टपालखर्च, पत्ता, दावा, ठोकळा, आणि शेजारी काय छापलं होतं एवढं लिहा. मजकूर जुन्या शुद्धलेखनासह उतरवा, अनुस्वार सुधारू नका. फाटलेल्या जागी चौकटी कंस घाला आणि अंदाज वेगळ्या शाईनं. पावसाळ्यात हगवणीचं औषध वाढतं का, दिवाळीआधी उटणं आणि अत्तर कधी येतं, साथ ओसरल्यावर शक्तिवर्धक कधी सुरू होतं, हे वर्षाची वही भरल्यावर आपोआप दिसायला लागतं.

छापायचं किंवा इतरांना दाखवायचं असेल तर हे बघा: निनावी जाहिरातीचा लेखाधिकार (कॉपीराइट) प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, सही असलेल्या चित्राचा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. चालू कंपनीचं नाव आणि चिन्ह मात्र अजून तिचंच असतं. आणि जुन्या जाहिरातीतला नुस्खा करून कुणाला देऊ नका, बाळाला तर नकोच. त्यात काय होतं ते लिहिणाऱ्यानं लपवलेलंच होतं.

आजीच्या कागदाचं राहिलं. १९१९ची फाइल मागवली, ४ नोव्हेंबरचा मंगळवार उघडला, आणि ते पान अख्खं होतं. तेच बाळ, तीच घडीच्या जागी गेलेली ओळ, आणि तिच्याखाली माझ्याकडे नसलेल्या चार ओळी: किंमत बारा आणे, ट. ह. निराळें, नक्कल करणारांपासून सावध, आणि आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून असलेला पत्ता. पुढच्या मंगळवारी तीच जाहिरात आहे. त्याच्या पुढच्या मंगळवारी किंमत चौदा आणे झाली आहे. पंधरवड्यात दोन आणे का वाढले, ते मी सध्या शोधते आहे.